वास गटाराचा की गॅसचा? वस्तीच्या तक्रारीवर विश्वास कोण ठेवणार?

१ फेब्रुवारी २०२४ ची पहाट. छत्रपती संभाजीनगरात सिडको बसस्थानकाजवळच्या उड्डाणपुलावर एलपीजीने भरलेला टँकर दुभाजकाला धडकला आणि गॅसगळती सुरू झाली. पुढचे काही तास शहराचा तो भाग जागच्या जागी थांबला. जालना रोडची वाहतूक बंद झाली, परिसराची वीज तोडली गेली, दुकाने आणि शाळा बंद ठेवल्या गेल्या. घरात गॅस पेटवू नका, असे लोकांना सांगण्यात आले. अग्निशमन दलाने तासन्‌तास पाण्याचा मारा केला. मोठी जीवितहानी टळली.

त्या दिवशी यंत्रणेने जे केले ते योग्यच होते. धोका आहे हे मान्य केले की प्रशासन किती वेगाने हलू शकते, हे मराठवाड्याने पाहिले. पण तो टँकर होता, तोही शहराच्या मुख्य रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. हीच गळती एखाद्या वस्तीच्या मागच्या बोळात, जमिनीखालच्या पाइपमधून झाली असती तर? न दिसणारी, फक्त वासावरून कळणारी. तिथल्या बाईने फोन करून “वास येतोय” म्हटले असते, तर किती मिनिटांत कोण आले असते?

हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आपल्या तरुणांनी आजच विचारायला हवा. त्याचे कारण पुढे आहे.

वाहिनी आपल्या दारावरून जाणार आहे

घरोघरी पाइपने नैसर्गिक वायू आणि वाहनांना सीएनजी देण्याचे परवाने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ जिल्हावार देते. २०१८ च्या नवव्या फेरीत अहमदनगर आणि औरंगाबाद हे दोन जिल्हे एकत्र धरून परवाना दिला गेला. तो भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीला मिळाला आणि पुढे ती कंपनी मूळ कंपनीतच विलीन झाली. मार्च २०२२ मध्ये औरंगाबादेत या प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्यानंतर दोन्ही जिल्ह्यांची नावे बदलली, पण परवाना तोच आहे. श्रीगोंद्याकडून संभाजीनगरच्या दिशेने जाणारी मुख्य वाहिनी हा याच कामाचा भाग.

विकासाला विरोध करण्याचे काही कारण नाही. पाइपचा गॅस सिलिंडरपेक्षा सोयीचा आहे, धुराच्या चुलीपेक्षा तर कितीतरी बरा. प्रश्न वाटणीचा आहे. जोडणी घ्यायची तर घर स्वतःच्या नावावर लागते, किंवा मालकाची संमती लागते. ज्या वस्त्यांत घरे अजून नावावर नाहीत, तिथे जोडणी सर्वांत शेवटी पोहोचते. पाइप मात्र रस्त्याच्या कडेने जातो आणि त्या रस्त्याच्या कडेलाच आपल्या कितीतरी वस्त्या आहेत. म्हणजे गॅस पुढच्या कॉलनीला आणि पाइप आपल्या दारात. शिवाय ज्याच्याकडे जोडणी आहे त्याला बिलावर तक्रारीचा नंबर मिळतो, काय करावे काय नाही याचे पत्रक मिळते. ज्याच्याकडे जोडणी नाही त्याला काहीच मिळत नाही. धोका मात्र दोघांना सारखाच.

“आपल्याकडे कुठे कनेक्शन आहे, आपल्याला काय करायचंय?” हे म्हणणे म्हणूनच घातक आहे.

वासाचे राजकारण

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याला स्वतःचा वास नाही. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे गंधकयुक्त रसायन मुद्दाम मिसळतात. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. ती पातळी गाठण्याच्या बरेच आधी, म्हणजे हवेत तो १ टक्क्याच्या आसपास असतानाच वास यावा, असे गणित त्यामागे असते.

आता अडचण पाहा. या रसायनाचा वास सडलेल्या अंड्यासारखा किंवा सडक्या कोबीसारखा येतो. तुंबलेल्या गटारातून निघणाऱ्या वायूचा वासही साधारण तसाच. ज्या सोसायटीत गटारे बंदिस्त आहेत, तिथे असा वास आला की माणूस लगेच सावध होतो. जी वस्ती नाल्याला खेटून वसली आहे, जिथे चेंबर महिन्यातून दोनदा उतू जातात, तिथे वासाची सवय झालेली असते. वस्तीतला माणूस म्हणतो, “नाल्याचाच असेल.” फोन उचलणाराही म्हणतो, “तुमच्याकडे नेहमीच वास येतो.” वर्षानुवर्षे गटार साफ न केल्याची शिक्षा अशी दुहेरी होते. आधी घाणीत राहा, मग घाणीमुळे तुमच्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

वास गटाराचा की गॅसचा, हे नाकाने ठरवायचे नसते. ते मोजयंत्राने ठरते आणि यंत्र घेऊन येणे ही कंपनीची आणि अग्निशमन दलाची जबाबदारी आहे. यंत्राने “गॅस नाही” असे दाखवेपर्यंत तो गॅसच आहे असे धरून वागायचे. तक्रार खोटी ठरली तर कोणी लाजायचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट. जमिनीखालून झिरपताना मातीत हा वास कमी होऊ शकतो. लांब पल्ल्याच्या मुख्य वाहिन्यांतल्या वायूला तर बहुतेक वेळा वासच नसतो, कारण तो शहराजवळच्या केंद्रात मिसळला जातो. म्हणून डोळे आणि कानही वापरावे लागतात. जमिनीतून फुस्स असा आवाज येणे, साचलेल्या पाण्यात सतत बुडबुडे येणे, वारा नसताना एकाच ठिकाणची धूळ उडणे, हिरव्या गवतात मधेच एक पट्टा वाळून जाणे, या खुणा आहेत. शेतातून वाहिनी गेलेल्या गावांनी त्या विशेष लक्षात ठेवाव्यात.

नगरमचा धडा

२७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशात गोदावरीच्या खोऱ्यातल्या नगरम गावात पहाटे वाहिनीतून गळालेला वायू पेटला. वीसहून अधिक माणसे गेली. घरे, नारळाची झाडे, जनावरे जळाली. गळलेला वायू गावावर पसरलेला असताना चहाच्या टपरीवर शेगडी पेटवली गेली आणि भडका उडाला, असे तेव्हा समोर आले. गावकऱ्यांनी त्याआधी गळतीच्या तक्रारी केल्या होत्या, हेही समोर आले. कोरड्या वायूसाठी बांधलेल्या वाहिनीतून ओलसर वायू नेला गेल्याने पाइप आतून गंजला होता.

चहावाल्याचा दोष काय? तो रोजच्यासारखा शेगडी पेटवत होता. दोष होता तक्रार ऐकूनही वाहिनी बंद न करणाऱ्या व्यवस्थेचा. नगरमचे लोक अडाणी नव्हते, त्यांना आधीच कळले होते. त्यांचे ऐकले गेले नाही.

खोदणारे हात

दुसरे कारण खोदकामाचे. मार्च २०२५ मध्ये अंधेरी पूर्वेला शेर-ए-पंजाब परिसरात मध्यरात्री रस्त्याखालच्या गॅसवाहिनीला गळती लागून आग भडकली. रस्त्यावरून जाणारी वाहने पेटली, तिघे होरपळले. शहरांत वाहिनी फुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दुसऱ्याच कामासाठी लावलेला जेसीबी. पाण्याची लाइन, केबल, ड्रेनेज, प्रत्येक खाते स्वतंत्र खोदते आणि खाली काय आहे हे कोणी कोणाला विचारत नाही. हे थांबावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. खोदण्यापूर्वी त्यावर नोंद केली की जमिनीखाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना कळते. पण ठेकेदाराने ते वापरले का, हे तपासतो कोण?

खड्ड्यात उतरणारे हात कोणाचे असतात हे आपल्याला सांगायला नको. रोजंदारीवर चर खोदणारा मजूर, चेंबर साफ करणारा सफाई कामगार हेच स्फोटाच्या सर्वांत जवळ असतात. गळलेला वायू मोकळ्या हवेत वर निघून जातो, पण डांबर आणि काँक्रीटखाली अडकला की गटारातून, केबलच्या नळीतून वाट काढत दूरच्या चेंबरमध्ये किंवा घरात शिरतो. म्हणून वास आला की “उतरून बघ रे” असे कोणी कोणाला म्हणायचे नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर तशीही बंदी आहे.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःच्या घरातली. १४ एप्रिल आला की स्वागत कमानी, मंडप, झेंड्यांचे खांब यांसाठी आपणही रस्त्याच्या कडेला पहारीने खड्डे घेतो. इतर उत्सवांतही हेच होते. शहरातल्या गल्ल्यांत घातलेला गॅसचा पाइप हा पिवळा प्लास्टिकचा असतो, साधारण एक मीटर खोल. भराव निघून गेला असेल तर त्याहून वर. पहारीच्या एका घावात तो फुटू शकतो. वर जनरेटर, विजेच्या माळा आणि मेणबत्त्या. जयंती मंडळांनी यापुढे खड्डे घेण्याऐवजी वाळूच्या गोण्या किंवा ड्रममध्ये खांब उभे करावेत. खोदायचेच असेल तर आधी कंपनी आणि महानगरपालिकेकडून वाहिनी कुठून जाते हे विचारून घ्यावे.

पहिली दहा मिनिटे

गाडी येईपर्यंत वस्तीच वस्तीची असते. म्हणून हे पाठ असावे:

१. घराबाहेर उग्र वास किंवा फुस्स आवाज आला की बिडी, काडेपेटी, मेणबत्ती, अगरबत्ती सगळे बंद. घरात अजून वास नसेल तर चूल, शेगडी विझवा. घरातही वास भरला असेल तर दिव्याच्या, पंख्याच्या बटणाला हात लावू नका. चालू असेल ते चालू राहू द्या, दारे उघडी टाकून माणसे बाहेर काढा.

२. गाडी सुरू करू नका. रिक्षा, दुचाकी तिथेच राहू द्या. येणाऱ्या गाड्या दोन्ही टोकांना लांबूनच अडवा.

३. वाऱ्याची दिशा बघा आणि वारा जिकडून येतो तिकडे पायी निघा. म्हातारी माणसे, लहान मुले, अपंग व्यक्ती यांना आधी. दाराच्या बेल वाजवू नका, हाक मारा.

४. मोबाइल वासाच्या जागेपासून दूर गेल्यावरच वापरा. ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ लावा. वाहिनीच्या खांबावर किंवा फलकावर कंपनीचा आपत्कालीन नंबर असतो, तोही लावा. सिलिंडर किंवा एलपीजीची गळती असेल तर १९०६. पत्ता सांगताना जवळची ठळक खूण सांगा, आणि फोनची वेळ लिहून ठेवा.

५. फुटलेल्या पाइपवर माती टाकू नका, व्हॉल्व्ह फिरवू नका. माती टाकली की गॅस थांबत नाही, दुसरीकडून निघतो. गॅस पेटला असेल तर ज्वाला विझवायला जाऊ नका. न जळलेला गॅस साचणे हे जळणाऱ्या गॅसपेक्षा धोक्याचे. गॅस बंद करणे हे कंपनीचे काम.

६. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. एलपीजी जड, तो खड्ड्यात, गटारात, तळघरात साचतो. कोणता गॅस आहे हे माहीत नसेल तर खोलगट जागा आणि बंद खोली दोन्ही टाळा.

७. “धोका नाही” असे अधिकाऱ्याने सांगेपर्यंत परत जाऊ नका. व्हिडिओ काढायला तर नाहीच.

कार्यकर्त्यांनी काय विचारायचे

पण ही यादी पाठ करून जबाबदारी वस्तीवर ढकलली जाऊ नये. नियामक मंडळाच्या नियमांनुसार कंपनीकडे आपत्कालीन आराखडा असावाच लागतो आणि त्याची सराव चाचणी घ्यावी लागते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. भारत पेट्रोलियम ही सरकारी कंपनी आहे, म्हणून माहिती अधिकार तिलाही लागू आहे. तेव्हा अर्ज करा. आमच्या प्रभागातून, आमच्या गावातून वाहिनी कुठून जाते त्याचा नकाशा द्या. शेवटची सराव चाचणी कधी झाली, ती एखाद्या वस्तीत झाली का, की फक्त प्रकल्पाच्या आवारात? गळतीच्या किती तक्रारी आल्या, प्रत्येकीवर पथक किती मिनिटांत पोहोचले? अग्निशमन दलाकडे गॅस मोजण्याची किती यंत्रे चालू स्थितीत आहेत? आमच्या बोळात बंब शिरतो का?

नगरमध्ये हा प्रश्न हलका नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण गेले. आगीनंतरच्या चौकशीने कोणी परत येत नाही, हे या शहराने अनुभवले आहे.

विहारात दर आठवड्याला माणसे जमतात. एका रविवारी अर्धा तास या विषयाला द्या. नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा. शिकलेल्या पोरांपेक्षा दिवसभर वस्तीत असणाऱ्या बायांना आधी सांगा, कारण वास पहिल्यांदा त्यांनाच येणार आहे. आणि पुढच्या वेळी कोणी बाई म्हणाली, “आज वास वेगळा येतोय,” तर तिला “नाल्याचाच असेल” म्हणू नका. आपणच तिच्यावर विश्वास ठेवला नाही, तर फोनच्या पलीकडचा माणूस कशाला ठेवेल?