फोन आला नाही म्हणजे...



दर वर्षी या पानावर मी तुम्हाला काहीतरी जुनंपुराणं सांगतो. यंदाचा विषय ताजा आहे, आणि त्यात माझीच फजिती आहे. आमच्या हिची परवानगी घेतली आहे. "गाठ माझी, पण चूक तुमची, तेवढं स्पष्ट लिहा," या अटीवर ती मिळाली.

हिच्या थायरॉइडमध्ये सोनोग्राफीत एक गाठ दिसली. बारीक सुईने पेशी काढून तपासायला पाठवल्या. "आठवड्याभरात कळवू," असं सांगण्यात आलं. आठवडा गेला, दहा दिवस गेले. ही टीव्ही बघता बघता गळ्यावरून बोट फिरवायला लागली. मी विचारलं की म्हणायची, "अहो, काही नाही." एमराल्ड ग्लेन पार्कमध्ये सकाळी माझ्याबरोबर फेऱ्या मारणाऱ्या मंडळींकडे विषय काढला. एकमुखाने निर्वाळा मिळाला: फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक. काही असतं तर डॉक्टर गप्प बसले असते का?

मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं.

एकोणिसाव्या दिवशी लेक आली. "बाबा, तुम्ही फोन का नाही केलात?" मी म्हटलं, "अगं, डॉक्टर कामात असतात, उगाच त्रास कशाला?" तिने उत्तर न देता फोन लावला. बराच वेळ ते वाट बघायला लावणारं संगीत ऐकल्यावर नर्स आली. रिपोर्ट सहाव्या दिवशीच आला होता. आमचे डॉक्टर रजेवर, आणि त्यांच्या जागी बघणाऱ्या डॉक्टरांना वाटलं की ते आल्यावर सांगतील. तेरा दिवस तो कागद दोन इनबॉक्सच्या मध्ये पडून होता. पोर्टलवरही होताच. पण 'नवा रिपोर्ट आला आहे' ही सूचना जात होती माझ्या विद्यापीठाच्या ईमेलवर, जो निवृत्तीनंतर बंद झाला. हिच्या खात्याला तो पत्ता कोणी दिला होता, हे विचारू नका.

रिपोर्ट 'बेथेस्डा तीन' होता. 2007 साली मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे झालेल्या परिषदेतून थायरॉइडच्या पेशींसाठी ही वर्गवारी आली. तिचे सहा वर्ग आहेत. दुसरा म्हणजे निर्धोक, सहावा म्हणजे कॅन्सर. तिसरा म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण नक्की सांगता येत नाही. बहुधा सुई पुन्हा घालावी लागते. म्हणजे 'सगळं ठीक' नव्हतं, आणि 'सगळं संपलं'ही नव्हतं. हे समजावून सांगायला डॉक्टरांना दहा मिनिटं लागली. त्यांनी माफी मागितली, मोकळेपणाने मागितली, म्हणून माझा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा अजून आहे.

नंतर मी सवयीप्रमाणे वाचायला बसलो. 2009 साली अमेरिकेतल्या 23 दवाखान्यांमधल्या पाच हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तपासणीत दोष निघालेल्या साधारण चौदातल्या एका प्रकरणात रुग्णाला ते कळवल्याची नोंदच सापडली नाही. आमच्या पार्कातल्या सिद्धान्ताचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आता कायद्याचं. 2016 च्या 'क्युअर्स ॲक्ट'वर आधारलेला नियम 5 एप्रिल 2021 पासून लागू आहे. रिपोर्ट तयार झाला की तो विनाकारण अडवून ठेवायचा नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून पोर्टलवर कधी कधी डॉक्टरांच्या आधी आपल्यालाच दिसतो. मात्र कॅन्सरचं निदान असलेले काही रिपोर्ट डॉक्टर बोलल्याशिवाय पोर्टलवर टाकू नयेत, असा कायदा कॅलिफोर्नियाने केलेला आहे. तेव्हा पोर्टल रिकामं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. आणि कायदा रिपोर्ट दाराशी आणून टाकतो. तो वाचून दाखवायला कोणी कधी यायचं, याबद्दल मला त्यात काही सापडलं नाही.

पुण्यात हे उलट होतं. लॅबमधून संध्याकाळी पाकीट आपणच आणायचं, रिक्षात बसल्या बसल्या उघडायचं, आणि त्याच रात्री 'रिपोर्ट दाखवायला' डॉक्टरांकडे जायचं. माझ्या वडिलांचे एक्स-रे कपाटावर तपकिरी पाकिटांत होते. घर बदललं तरी ते बरोबर. हॉस्पिटलमधले केसपेपर मिळवणं मात्र तिथेही सोपं नव्हतं. ते रुग्णापासून गोपनीय म्हणून दडवता येत नाहीत, हे 1996 साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पण लॅबचं पाकीट आपल्या हातात असे, आणि डॉक्टर समोर. इथे पाकीट सरळ डॉक्टरांकडे गेलं, आणि मी मात्र तेव्हाचाच भाबडा विश्वास घेऊन घरी बसलो.

मला सगळ्यात लाज कशाची वाटली, सांगतो. मी इतकी वर्षं शिकवलं. पेपर आठवड्यात तपासून देईन म्हटलं, की आठव्या दिवशी विद्यार्थी दारात उभे असत. मला त्यांचा राग कधी आला नाही. मार्क त्यांचे होते. तोच मी, बायकोच्या गळ्यातल्या गाठीचा निकाल मागायला एकोणीस दिवस संकोचलो. आमच्या पिढीला डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं वाटतं. इथे वाढलेल्या मुलांना तसं वाटत नाही, आणि त्याला आपण उगाच उद्धटपणा म्हणतो. लेकीने त्या नर्सला एकही कडक शब्द वापरला नाही. फक्त तीन गोष्टी विचारल्या: रिपोर्ट कधी आला, कोणी पाहिला, आणि आम्हाला आज कोण फोन करेल.

दुसऱ्यांदा सुई परवाच झाली. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा निकाल कळलेला असेल. निघताना काउंटरवर मी तारीख विचारली, आणि डॉक्टर रजेवर असले तर कोण सांगणार, हेही विचारलं. ते नाव आणि नंबर फ्रिजवर चिकटवले आहेत. ईमेलही बदलला. शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत फोन आला नाही तर कोणी करायचा, यावरून सध्या घरात वाद चालू आहे. ही म्हणते, "मीच करते. तुम्ही परत त्रास कशाला म्हणाल."