नफा दीडपट, पण बस कुठे?

बस बनवणाऱ्या कंपनीचा तिमाही निकाल आला की आमच्याकडचे शेअरपंडित एकच आकडा घेऊन नाचतात. ऑलेक्ट्रा ग्रीनटेकचा मार्च २०२५ च्या तिमाहीचा निव्वळ नफा सुमारे २१ कोटी. आदल्या वर्षी याच तिमाहीत तो १४ कोटींच्या आसपास होता. म्हणजे दीडपट! 'घेऊन ठेवा.'

अहो, पण लगेच आधीच्या, डिसेंबरच्या तिमाहीचा नफा ४६ कोटी होता. विक्री ५१५ कोटींवरून ४४९ कोटींवर आली आणि नफा निम्म्याच्याही खाली. शंभर रुपयांच्या विक्रीत नऊ रुपये उरत होते, तिथे पाचही उरले नाहीत. यावर पंडितांचे उत्तर ठरलेले: तिमाहीकडे काय बघता, ऑर्डर बुक बघा.

बघू या की. जुलै २०२३ मध्ये ५,१५० विजेच्या बसगाड्यांचे काम जाहीर झाले, तेही आपल्या एसटीचे. किंमत अंदाजे १०,००० कोटी, मुदत २४ महिने. भागाकार शाळकरी पोरालाही येतो: महिन्याला सुमारे २१५ गाड्या, तिमाहीला १,२५० कोटींची विक्री, आणि ही फक्त या एका कामाची. प्रत्यक्षात सगळी गिऱ्हाइके धरून कंपनीची २०२४-२५ ची अख्ख्या वर्षाची विक्री १,८०० कोटी. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी, ठरल्या वेळेत हजार गाड्या आल्या नाहीत म्हणून, कंत्राट रद्द करायला सांगितले. शेअर घसरला आणि पंडितांना धक्का बसला. कसला धक्का? भागाकार दोन वर्षे समोरच होता.

शिवाय गिऱ्हाईक कोण तेही पाहा. या गाड्या एसटी विकत घेत नाही. एव्ही ट्रान्स ही कंपनी त्या घेऊन चालवणार आणि एसटी तिला किलोमीटरमागे पैसे देणार. एव्ही आणि ऑलेक्ट्रा दोघीही मेघा इंजिनिअरिंगच्या घरातल्या. यात लपवाछपवी नाही, कंपनी स्वतःच ते जाहीर करते. पण घरातल्या घरात झालेल्या विक्रीचे पैसे शेवटी एसटीच्या गल्ल्यातून यायचे आहेत, आणि एसटीचा संचित तोटा १०,००० कोटींच्या वर गेलेला आहे! म्हणून मी नफ्याच्या आधी येणी किती फुगली ते पाहतो, मग रोख प्रवाह. हे दोन्ही तक्ते सप्टेंबर आणि मार्चच्या निकालातच मिळतात. मधल्या दोन तिमाहींत नुसता नफा-तोटा दिसतो, आणि पंडितांचा आवाज तेव्हाच सर्वांत मोठा असतो.

आपल्या समाजातली नवी गुंतवणूकदार मुले विचारतात, 'शेअर हलाल आहे का?' कर्ज मर्यादेत, व्याजाचे उत्पन्न किरकोळ, धंदा बसचा. झाले, शिक्का बसला. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण सौद्यातल्या अनिश्चिततेला 'गरर' म्हणतात, तो शब्दही त्याच फिकहमधला आहे. न बनलेल्या हजारो गाड्यांची किंमत आजच मोजून शेअर घेणाऱ्याने तो एकदा तोंडाने उच्चारून पाहावा.

पुढच्या तिमाहीला मला कोणी नफ्याचा टक्का पाठवला, तर मी उलट एवढेच विचारणार आहे: एसटीच्या आगारात किती गाड्या उतरल्या, आणि त्यांचे पैसे किती जमा झाले?