पाकोळीची उडी आणि उसाचे पान

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत घोड, भीमा व मुळा-मुठेच्या काठाने आणि कालव्यांच्या लाभक्षेत्रात ऊस उभा असतो. उसाबरोबर त्याचे शत्रूही असतातच. पाकोळी, म्हणजेच पुस्तकांतील पायरिला, हा त्यांपैकी एक. वाळक्या गवताच्या रंगाचा, पुढे चोच काढल्यासारखा दिसणारा हा किडा पानातील रस शोषतो. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड, चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते आणि पानांवर काजळी धरल्यासारखे दिसते. अशा उसाच्या सरीत पाय टाकताच पाकोळ्या टणकन उडून शेजारच्या पानावर जातात. हे दृश्य शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे आहे. परंतु ही उडी घेतली जाते कशी, आणि तिच्यात पानाचा वाटा किती, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. तो रिकामटेकड्यांचा प्रश्न आहे, अशीच सर्वसाधारण समजूत दिसते.

ही समजूत चुकीची आहे, हे दाखविण्यास फार दूर जावयास नको. १८९६ साली मुंबईत प्लेगने शिरकाव केला आणि पुढील वर्षी पुणे त्यात होरपळून निघाले. या रोगाचा प्रसार उंदरावरील पिसवांमार्फत होतो, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली प्रतिपादिले. पण ते सहजासहजी मान्य झाले नाही. १९०५ नंतर मुंबईत परळ येथे प्लेग संशोधन आयोगाने जे प्रयोग केले, त्यांचा आधार पिसवेची उडी हाच होता. पिसवांनी भरलेल्या जागेत जमिनीलगत ठेवलेल्या पिंजऱ्यांतील गिनीपिगांना लागण झाली; दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतील गिनीपिग वाचले. हवा दोहोंना एकच होती. फरक होता तो पिसवेची उडी पोहोचण्या-न पोहोचण्याचा. एका क्षुद्र किड्याची झेप मोजल्यामुळे रोगाची वाट सापडली.

उडीविषयी शाळेतून एक चमत्कारिक विधान नेहमी ऐकू येते: माणसाला पिसवेची शक्ती असती, तर तो मनोऱ्यावरून उडी मारता. हा निव्वळ भ्रम होय. सतराव्या शतकातच इटलीच्या बोरेल्लीने त्याचे निरसन केले आहे. प्राण्याचे आकारमान वाढले की स्नायू वाढतात, तसेच उचलावयाचे वजनही वाढते. म्हणून लहानमोठ्या प्राण्यांच्या उडीची उंची त्यांच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढत नाही. किड्याची खरी अडचण निराळीच आहे. त्याचे पाय इतके आखूड की जमीन सुटण्यापूर्वी रेटा देण्यास त्याला जेमतेम एक सहस्रांश सेकंद मिळतो. इतक्या त्वरेने कोणताही स्नायू पुरेसे काम करू शकत नाही. यावर निसर्गाने काढलेला तोडगा आपल्या मुलांच्या बेचकीसारखा आहे. स्नायू सावकाश ताण देतो, तो ताण शरीराच्या कठीण कवचात आणि रेझिलिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनात साठतो, आणि खटका सुटावा तसा तो एकदम मोकळा होतो. देठावर थुंकीसारखा फेस करून ज्याची पिल्ले राहतात, तो सहा मिलिमीटरचा किडा या रीतीने ७० सेंटिमीटर उंच उडतो, असे केंब्रिजचे माल्कम बरोज यांनी २००३ साली दाखविले. पाकोळीच्या व्यापक गोतावळ्यातील एका युरोपीय किड्याच्या पिल्लांत तर दोन्ही मागील पाय एकाच क्षणी सुटावेत म्हणून पायांच्या मुळाशी चक्क दातेरी चाकांची जोडी असते. २०१३ साली हा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा दातेरी चाक ही केवळ मानवाची निर्मिती आहे, हा अहंकार गळून पडला.

परंतु बेचकी कितीही ताणली, तरी ती धरणारा हात स्थिर नसेल तर खडा जाणार कोठे? उडीचे तसेच आहे. पाय ज्यावर रेटावयाचे, तो पृष्ठभाग पायाला धरून राहिला पाहिजे. फेस करणाऱ्या त्याच किड्याला स्वच्छ काचेवर ठेवले की त्याचे पाय घसरतात. पानावर मात्र तो मागील पायांचे तीक्ष्ण काटे पृष्ठभागात रोवतो, आणि उडीनंतर पानावर बारीक छिद्रे राहतात. हे २०१९ साली सिद्ध झाले. तुडतुड्यांची युक्ती याच्या उलट आहे. त्यांच्यातील काहींच्या मागील पायांना मऊ गाद्या असतात आणि त्यांच्या जोरावर ते काचेवरूनही न घसरता उडतात. पाण्यावर पळणारा लांब पायांचा किडा पाण्याचा ताणलेला पृष्ठभाग फाटणार नाही इतक्याच बेताने पाय दाबतो. तात्पर्य, उडी ही एकट्या पायाची करामत नव्हे. ती पाय आणि पृष्ठभाग या दोघांची आहे.

येथेच हा विषय शेतकऱ्याच्या दाराशी येतो. आपले पीकसंरक्षण आज प्रामुख्याने विषावर उभे आहे. त्या विषाची किंमत २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून वीसहून अधिक माणसांनी प्राण देऊन चुकविली. उंच वाढलेल्या उसात फवारणी मुळात अवघड. त्यात हालचालीची चाहूल लागताच उडून जाणारी पाकोळी. शिवाय पाकोळीवर जगणारा एपिरिकॅनिया हा तिचा नैसर्गिक शत्रू अशा फवारणीत, तसेच पाचट जाळल्याने, नाहक मरतो. म्हणूनच तो शेतात असेल तेथे फवारू नये आणि पाचट पेटवू नये, असा सल्ला दिला जातो. पानाच्या पृष्ठभागाकडून मदत मिळते, याचाही दाखला जुना आहे. दक्षिण आफ्रिकेत १९२०च्या दशकात पार्नेल यांनी लवदार पानांची कपाशी निवडून तुडतुड्यांना आवर घातला. दाट लवीमुळे त्यांना सोंड खुपसणे व अंडी घालणे कठीण जाते. अर्थात याच लवीवर पांढरी माशी अधिक पोसते, हेही विसरून चालणार नाही. एकच उपाय सर्व शत्रूंवर चालत नाही. म्हणूनच प्रत्येक किडा आणि प्रत्येक पान यांचे नाते स्वतंत्रपणे तपासावे लागते. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांनी नवे वाण पारखताना उतारा आणि साखर यांच्याबरोबर पानाची लव, मेण व कठीणपणा आणि त्यावरील किड्याची पकड यांच्याही नोंदी ठेवून त्या प्रसिद्ध कराव्यात, अशी मागणी करणे अवाजवी ठरू नये.

मात्र सर्व भार संस्थांवर टाकून शाळांना मोकळे होता येणार नाही. पाकोळीची उडी टिपावयास सेकंदाला हजारो चित्रे घेणारा कॅमेरा लागेल. बांधावरच्या नाकतोड्याला तो लागत नाही. मोठ्या नाकतोड्याच्या पायांचा रेटा सुमारे वीस ते तीस सहस्रांश सेकंद चालतो. आजच्या अनेक मोबाइल फोनांत सेकंदाला २४० चित्रे घेणारे मंदगती चित्रण असते. म्हणजे एका रेट्याची पाच ते सात चित्रे हाती येतात. काच, पाटी, पॉलिश कागद आणि ज्वारीचे पान या चार पृष्ठभागांवरून एकाच नाकतोड्याच्या दहा-दहा उड्या मोजाव्यात, सरासरी काढावी, पाय घसरला की नाही ते चित्रात पाहावे आणि प्राण्याला पुन्हा बांधावर सोडून द्यावे. न्हावरे किंवा पाटसच्या शाळेला यासाठी प्रयोगशाळेच्या इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही. बल, प्रतिक्रिया आणि घर्षण हे शब्द केवळ परीक्षेपुरते पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा अर्थ तेथे डोळ्यांनी दिसेल.

ज्या किड्यावर विष ओतण्यासाठी आपण पैसा आणि प्रसंगी प्राणही खर्चतो, तो पाय कोठे रोवतो एवढे तरी पाहण्याची तसदी आपण घेतली पाहिजे. शत्रूला ओळखल्याविना त्याच्याशी लढणे हे शौर्य नव्हे, उधळपट्टी आहे. शिरूर-दौंडच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ही ओळख करून घेण्यास आरंभ केला, तर त्याचा लाभ त्यांच्या घरच्या शेतालाच प्रथम होईल.