मातीची मुदत ठेव



पीक घेतल्यावर शेतकऱ्याला पैसे मिळतात, हे सर्वजण जाणतात. परंतु पीक न घेण्याबद्दल सरकार दरवर्षी भाडे देते, असे सांगितल्यास आपणांपैकी अनेकांना नवल वाटेल. अमेरिकेत ही व्यवस्था १९८५ च्या कृषी कायद्यापासून चालू आहे. तिचे नाव ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’.

तिच्यामागे एक कटू अनुभव आहे. तेथील मैदानी प्रदेशातील गवताळ जमिनी गव्हासाठी नांगरल्या गेल्या आणि १९३० च्या दशकात अवर्षण पडताच उघडी माती वाऱ्याबरोबर उडून गेली. १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळाने भर दिवसा अंधार केला. त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा संमत झाला.

आजच्या योजनेत धूप होणाऱ्या जमिनीवर शेतकरी गवत वा झाडे लावतो आणि १० ते १५ वर्षे ती पिकाखाली न आणण्याचा करार करतो. सरकार वार्षिक भाडे देते, तसेच लागवडीच्या खर्चाचा काही वाटा उचलते. करार मध्येच मोडल्यास मिळालेली रक्कम व्याजासह परत करावी लागते, वर भरपाईही द्यावी लागते. बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाला ही मातीची मुदत ठेवच वाटते.

मात्र या करारात एका पक्षाचे नाव नसते. तो पक्ष म्हणजे गावातील व्यापारी. शेत विश्रांती घेते, तेव्हा बियाणे, खते, डिझेल यांचा खप घटतो. धान्याच्या गोदामात आवक कमी होते. शेतकऱ्याच्या हाती भाडे येते; दुकानदाराला मात्र कोणी भाडे देत नाही. कायदा करणाऱ्यांना याची जाणीव होती. म्हणूनच कोणत्याही काउंटीतील लागवडीखालील जमिनीपैकी साधारणतः २५ टक्क्यांहून अधिक जमीन अशा योजनांत घेऊ नये, अशी मर्यादा घातली गेली. माती वाचवताना बाजारपेठ मोडू नये, हा त्यामागील विवेक आहे.

दुसरी मर्यादा काळाची. २००७ मध्ये या योजनेत सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. पुढे मक्याचे भाव चढले. ज्यांच्या कराराची मुदत संपली, त्यांपैकी अनेकांनी गवत मोडून पुन्हा नांगर धरला. त्यांना दोष कसा द्यावा? बाजारात अधिक परतावा मिळत असता ठेवीचे नूतनीकरण आपणही करीत नाही. २०१४ च्या कायद्याने तर कमाल क्षेत्रच २ कोटी ४० लाख एकरांवर आणण्याचे ठरविले. दहा वर्षे जपलेले गवत एका हंगामात नाहीसे होऊ शकते, ही या ठेवीची उणीव होय.

तरीही ही योजना निष्फळ म्हणता येणार नाही. पीककर्जाचे अर्ज तपासताना मी उत्पन्न पाहत असे, तारण पाहत असे. मातीची झीज मात्र कोणत्याही कागदावर दिसत नसे. यंत्राचा घसारा आपण दरवर्षी न चुकता धरतो. जमिनीचा घसारा कोणी धरावयाचा, या प्रश्नाला एका सरकारने अपुरे का होईना, उत्तर दिले आहे. आपल्यापैकी ज्यांचा व्यापार शेतमालावर उभा आहे, त्यांनी हा प्रश्न आपल्या खातेवहीपुढेही एकदा ठेवून पाहावा. माती सरली, तर दुकानही उरणार नाही.