सुपारी गाणाऱ्यास, रचणाऱ्यास कां नाहीं?

मुंबईच्या एन.सी.पी.ए. या संस्थेनें २००६ सालीं ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ हा वाद्यवृंद उभा केला. या वृंदासाठीं उस्ताद झाकीर हुसेन यांजकडून ‘पेशकार’ ही तबला व वाद्यवृंद यांची रचना मुद्दाम करवून घेण्यांत आली. ती २०१५ सालीं मुंबईंत प्रथम वाजली. पुढें २०१९ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत रिम्स्की-कोर्साकोव्हच्या १८८८ सालच्या ‘शेहेराझाद’च्या पंक्तीस ती बसली. प्रस्थापित कृतीच्या मांडीस मांडी लावून नवीन कृति बसविण्याची ही रीत आम्हांस मोलाची वाटते.

यावर नांदेड-लातूरकडील रसिक म्हणतील, ‘हा साहेबी थाट मुंबईस शोभतो, गोदा-मांजरेच्या कांठीं त्याचें काय?’ वाद्यवृंदाचा एवढा लवाजमा नांदेडास आणा, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. घ्यावयाचा आहे तो त्यांतील व्यवहार. आमच्याकडे सुपारी जाते ती गाणाऱ्यास. मंडप, निवास, बिदागी यांचे आंकडे समितीच्या हिशेबांत असतात. नव्या बंदिशीचा रकाना मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपला गवई प्रत्येक बैठकींत नवें निर्माण करीतच असतो, मग निराळी रचना कशाला? परंतु विस्तार नवा झाला म्हणून चीज नवी होत नाहीं. केवळ विस्तारानें भागलें असतें, तर कुमार गंधर्वांस ‘अनूपरागविलास’ सिद्ध करण्याचें कारणच नव्हतें.

‘मागणीवरून केलेल्या रचनेंत प्रतिभा कोठली?’ असेंही विचारलें जाईल. द्वोर्जाकची सातवी सिंफनी लंडनच्या फिलहार्मॉनिक सोसायटीच्या मागणीवरूनच जन्मली व १८८५ सालीं तेथें वाजली. आज ती अभिजात गणली जाते. आजचें कितीतरी जुनें हें काल कोणीतरी मागितलेलें नवेंच होतें.

ज्या नांदेडानें नाथराव नेरळकरांसारखा गवई दिला, जेथें हुजूर साहिबाच्या दरबारीं शबदकीर्तन चालतें, त्या भूमीस रचनाकारांचें वावडें असण्याचें कारण नाहीं. प्रत्येक संगीतोत्सवानें बिदागीचा दशांश एका नव्या बंदिशीसाठीं राखावा. ती मैफलीच्या ऐन रंगांत गावी, आणि पुढील वर्षीं पुन्हां गाववावी. श्रोत्यांस न रुचली तर ते ती खुशाल टाकतील. पण पाखडावयास आधीं खळ्यांत रास हवी; आणि पेरणीचा खर्च वांचविणाऱ्यानें राशीची वाट पाहूं नये.