पोच आमच्याकडे आहे

महोदय,

हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली.

हा विनंती अर्जही नाही. अर्जाच्या तळाशी ‘आपला विश्वासू’ लिहावे लागते. या कागदावर ते लिहिलेले नाही.

आम्ही रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतले अर्जदार आहोत. ठाकूरवाड्यांतले, कातकरवाड्यांतले, गावठाणातले, स्टेशनलगतच्या चाळींतले. आमची नावे इथे देत नाही. ती तुमच्या आवक नोंदवहीत आहेत. काही ठिकाणी नावाच्या जागी अंगठा आहे.

ज्या कार्यालयांनी उत्तर दिले नाही, त्यांचीही नावे आम्ही घेत नाही. त्यांचे त्यांना ठाऊक आहे.

आधी एक हिशेब.

आम्ही प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढल्या. एक तुम्हाला दिली. दुसरीवर तुमच्याकडून शिक्का मारून घेतला. तारीख, आवक क्रमांक, सहीचा फराटा. याला पोच म्हणतात.

तुमची प्रत कुठे आहे ते तुम्ही शोधा. आमची पत्र्याच्या पेटीत आहे. काही वाड्यांत ती प्लास्टिकच्या पिशवीत, आढ्याला टांगलेली आहे. घर गळते. कागद भिजलेला नाही.

एक अर्ज द्यायला एक दिवसाची मजुरी जाते. रिक्षाभाडे जाते. झेरॉक्सचे पैसे जातात. कार्यालयात गेल्यावर कळते, साहेब व्हीसीवर आहेत. मग साहेब जेवायला आहेत. मग साहेब दौऱ्यावर आहेत.

आम्ही थांबलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा आलो.

दरम्यान पदांची नावे बदलली. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले. ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले. टेबल तेच राहिले. टेबलावरचा गठ्ठाही.

आमच्यातल्या शिकलेल्या मुलांनी दिल्लीच्या पोर्टलवर लिहिले. तक्रार दिल्लीहून मुंबईला आली. मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला. शेवटी ती ज्याच्याविरुद्ध होती, त्याच्याच टेबलावर उतरली. त्याने लिहिले, निकाली काढण्यात आली.

प्रवास मोठा झाला. काम तसेच आहे.

आम्हाला कायदा माहीत नाही, असे तुम्ही धरून चालला आहात. ते सोडून द्या.

राज्यात 2005 चा एक कायदा आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध, असे त्याचे लांब नाव. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्याच्या कलम 10 प्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे एखादी फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. जाणूनबुजून राहिली, तर शिस्तभंगाची कारवाई होते.

सात दिवस. आम्ही पावसाळे मोजले आहेत.

जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरतो. महिन्यातला एक दिवस लोकशाहीचा. बाकीचे कोणाचे, हे आम्ही विचारलेले नाही.

आता मुद्द्यावर.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती लागले. 57 माणसे बेपत्ता धरली गेली. 23 जुलैला शोध थांबवला. ती माणसे अजून तिथेच आहेत.

वाडीला रस्ता नव्हता. जेसीबी वर गेला नाही. माती फावड्याने उपसली, हातांनी उपसली. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा चढणीवरच हृदयविकाराने मृत्यू झाला. त्या वाटेने वाडीबाहेरच्याही एकाचा जीव घेतला.

दुसऱ्या दिवशी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः चढून गेले. त्याबद्दल आम्ही वाईट बोलणार नाही. ती चढण काय आहे, ते त्यांच्या पायांना कळले. ठाकूरवाडीतली गरोदर बाई ती चढण नवव्या महिन्यात उतरते.

जिल्ह्यातल्या दरडप्रवण गावांची यादी तयार होती. तिच्यात शंभरावर नावे होती. इर्शाळवाडी तिच्यात नव्हती. हे आमचे म्हणणे नाही. हे विधानसभेत सांगितले गेले.

म्हणजे यादी होती, खाते होते, शास्त्र होते. वाडी यादीत नव्हती.

दरडींच्या तारखा पाहा. माळीण 30 जुलै 2014. तळीये 22 जुलै 2021. इर्शाळवाडी 19 जुलै 2023. महिना तुमच्यासमोर आहे. डोंगर तुमच्यासमोर आहेत. वाड्या कोणत्या, ते आम्ही कागदावर लिहून दिले आहे.

कुठे डोंगराला भेग गेली आहे, हे गुरे चारणाऱ्या पोराला माहीत असते. कोणत्या पावसात झरा जागा बदलतो, हे म्हातारीला माहीत असते. ते आम्ही अर्जात लिहिले. त्यावर तुम्ही शेरा मारला: नोंद घेतली.

इर्शाळवाडीतून वाचलेल्यांना आधी कंटेनरमध्ये ठेवले गेले. नंतर सिडकोने चौकजवळ 44 घरे बांधली. घरे चांगली आहेत. बांधता येतात, जागाही मिळते, हे त्यातून सिद्ध झाले.

त्यासाठी आधी माणसे मरावी लागतात का, हा प्रश्न आम्ही लेखी विचारला आहे. लेखी उत्तर हवे आहे.

रस्त्याबद्दल बोलू.

दोन्ही तालुक्यांत अजून अशा वाड्या आहेत जिथे आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणतात. बांबू, चादर, चार खांदे. पावसात सहा. साप चावलेल्याला हा हिशेब परवडत नाही.

तुमचे उत्तर पाठ आहे. जमीन वनखात्याची आहे.

हे उत्तर अर्धे आहे. उरलेले अर्धे 2006 च्या वनहक्क कायद्यात आहे. कलम 3, पोटकलम 2. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचे पाणी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी. हेक्टरी 75 हून अधिक झाडे तोडायची नाहीत. ग्रामसभेची शिफारस हवी. निर्णय विभागीय वन अधिकाऱ्याच्या पातळीवर होतो. फाइल दिल्लीला पाठवावी लागत नाही.

आम्ही ग्रामसभा घेतल्या. शिफारशी दिल्या. हजेरीचे कागद जोडले. त्यांचीही पोच आहे.

कोणी आम्हाला सांगितले, रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, पेसा कायदा इथे लागत नाही. बरोबर. शेजारच्या ठाण्यातल्या ठाकराला जे मिळते, ते इथल्या ठाकराला मिळत नाही. डोंगर तोच, बोली तीच. तो अन्याय आम्ही वेगळा मोजून ठेवला आहे. पण वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. पेसाचा दाखला देऊन वनहक्काची फाइल मिटता येणार नाही.

पाण्यावर फार लिहीत नाही.

खोपोलीचे वीजगृह 1915 चे. भिवपुरीचे 1922 चे. एकाचे पाणी पाताळगंगेला जाते, दुसऱ्याचे उल्हासला. पाताळगंगेवर कारखाने चालतात. उल्हासवर बदलापूर, अंबरनाथ, कल्याण तहान भागवतात. मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे. नळ नवी मुंबईत आहेत. मार्चनंतर आमच्या बायका ओढ्याच्या पात्रात खड्डा खणतात आणि वाटीने हंडा भरतात.

‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण तुमच्या भाषणांत येऊन गेली आहे. आम्ही ती वापरत नाही.

आता संयमाविषयी. तो तुम्ही दुबळेपणा समजलात. इथला इतिहास तुम्ही वाचलेला नसावा.

चरी हे गाव याच जिल्ह्यातले. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून तिथल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायचे थांबवले. 1939 पर्यंत थांबवले. उपाशी राहिले, मोळ्या विकल्या. नांगर धरला नाही. 1939 चा कूळ कायदा त्यानंतर आला.

पेण आम्हाला लागून आहे. तिथे महामुंबई सेझसाठी जमीन हवी होती. अर्ज झाले, हरकती झाल्या, मोर्चे झाले. शेवटी 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारलाच जनमत घ्यावे लागले. सेझ आजही तिथे नाही. भातशेती आहे.

भाई कोतवाल आमच्या माथेरानचे. 1942 मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. दर 2 जानेवारीला त्यांच्या स्मृतीला हार घालणाऱ्यांत तुम्ही असता. तुमच्या हारामागे आम्ही उभे असतो.

आम्ही मनोरे पाडत नाही. कागद पाठवतो. हा फरक तुमच्या लक्षात यायला हवा होता.

माथेरानचीच आणखी एक गोष्ट. तिथे मोटारीला बंदी आहे, म्हणून माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत होता. ओढणारेच न्यायालयात गेले. त्यांनी काही जगावेगळे मागितले नव्हते. ई-रिक्षा मागितली होती. 6 ऑगस्ट 2025 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला. निधी नाही, ही सबब चालणार नाही, असेही बजावले. पंजाबातल्या रिक्षाचालकांच्या खटल्यात याच न्यायालयाने हा प्रश्न 1980 मध्ये हाताळला होता. मध्ये 45 वर्षे गेली.

कर्जत तालुक्यातला हातरिक्षावाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचतो. हे ध्यानात ठेवा.

आता मुदत.

येत्या 1 मेपर्यंत प्रत्येक प्रलंबित अर्जाला लेखी उत्तर द्या. होकार असेल तर तारखेसह. नकार असेल तर कारणासह, सहीसह, पदनामासह. ‘उचित कार्यवाहीसाठी वर्ग’ हे उत्तर धरले जाणार नाही. ‘नोंद घेतली’ हेही नाही.

डोंगरउतारावरच्या ज्या वाड्यांची नावे आम्ही दिली आहेत, तिथे भूवैज्ञानिक पाठवा. तुमच्या पायांनी, आमच्या वाटेने. मृग 7 जूनच्या सुमारास लागतो. त्यानंतर पाहणी करून उपयोग नाही. तेव्हा फक्त पंचनामा होतो.

वनहक्काचे प्रस्ताव निकाली काढा. आमच्या अर्थाने निकाली.

1 मे उजाडला आणि उत्तर आले नाही, तर काय होईल, ते सांगून ठेवतो. अचानक काही करायची आमची रीत नाही.

त्या दिवशी ग्रामसभा आहे. ध्वजवंदन होईल. मग पेटी उघडली जाईल. प्रत्येक वाडीत उत्तर न आलेला प्रत्येक अर्ज मोठ्याने वाचला जाईल. तारीख, आवक क्रमांक, घेणाऱ्याचे पद. वाचन ठरावाच्या नोंदवहीत जाईल.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पोचेवर एक माहितीचा अर्ज पडेल. फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती आणि तिथे कोण बसले होते, एवढेच विचारले जाईल. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाहीत. आमच्यात असे बरेच आहेत. तेवढा तरी उपयोग.

आलेल्या उत्तरांवर दिरंगाईच्या तक्रारी होतील. तक्रार कार्यालयाविरुद्ध नसेल. पदावरच्या माणसाविरुद्ध असेल. गठ्ठा विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीपुढे जाईल. त्याची एक प्रत वकिलाकडे आधीच आहे.

मतदानावर आम्ही बहिष्कार टाकणार नाही. त्याने तुमचेच फावते.

रेल्वे अडवणार नाही. तिच्यात आमचीच माणसे लटकलेली असतात. उलट तीच पकडू. कर्जतहून पहाटेची लोकल धरली, तर मंत्रालय उघडायच्या आधी आम्ही आझाद मैदानात असतो. रोज जाणारे लोक आहेत. एक दिवस सगळे जातील.

द्रुतगती मार्ग खालापुरातून जातो. टोलनाका आमच्या दारात आहे. इतकी वर्षे तो आम्ही एक तासही रोखलेला नाही. याचीही नोंद घ्यावी.

कोणी मध्यस्थ पाठवू नये. चहाला बोलावू नये. ‘साहेब सकारात्मक आहेत’ हा निरोप पुरेसा ऐकून झाला आहे. उत्तर कागदावर द्यावे. ते पेटीत कुठे ठेवायचे, ती जागा रिकामी आहे.

या कागदाच्याही दोन प्रती आहेत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक टाकून द्यावा.

आमचा माणूस बाहेर थांबला आहे.