श्रावण दोन असले तर बिघडले कुठे?



महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आता तिथलेच पंचांग धरावे, म्हणजे मुलांचा गोंधळ होणार नाही आणि शेजारपाजाऱ्यांत वेगळे पडायला होणार नाही, अशी सूचना आपल्या अंकातल्या एका पत्रात वाचली. हेतू चांगला आहे. पण सूचना पंचांग न उघडताच केलेली दिसते. मी भिलाईची. पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये संसार केला. स्वयंपाकघरात कालनिर्णय आणि जबलपूरचे लाला रामस्वरूप अशी दोन्ही कॅलेंडरे एकाच खिळ्याला टांगलेली असतात. म्हणून हे उत्तर.

आपला महिना अमावास्येला संपतो, छत्तीसगडचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकाच महिन्यातला. वद्य पक्षाला तेवढे ते पुढच्या महिन्याचे नाव देतात. त्यामुळे गणेश चतुर्थी, दसरा एकाच दिवशी. दिवाळीची अमावास्या आपल्या लेखी आश्विनाची, त्यांच्या लेखी कार्तिकाची, पण पणत्या एकाच रात्री लागतात. महाशिवरात्र आपली माघात, त्यांची फाल्गुनात; चरोद्याजवळच्या देवबलोद्याला कलचुरींच्या काळातले शिवमंदिर आहे, तिथली जत्रा काही दोनदा भरत नाही.

आषाढातल्या दिव्यांच्या अवसेचे तर मला फार आवडते. २०२५ मध्ये ती २४ जुलैला होती. सकाळी मी समया, निरांजने चिंचेने घासून पाटावर मांडते, कणकेचे गोड दिवे उकडते. त्याच सकाळी शेजारच्या छत्तीसगडी घरात ‘हरेली’ असते. नांगर गावाकडे राहिला, तर इथली कुदळ-फावडी धुऊन ओळीने ठेवतात, त्यांना हळदकुंकू लावतात, गुळाच्या चील्याचा नैवेद्य दाखवतात. दाराला कडुलिंबाची डहाळी खोचलेली, आणि गावाकडे मुले बांबूच्या गेडीवर चढून चिखल तुडवत हिंडतात. त्यांची ती सावन अमावस, आपली आषाढी. माझे गोड दिवे तिकडे जातात, चीला इकडे येतो. यात एकीकरण करायचे ते कशाचे?

खरा फरक पडतो तो महिनाभराच्या व्रतांना, म्हणजे मुख्यतः श्रावणाला. २०२५ मध्ये इथला सावन ११ जुलै ते ९ ऑगस्ट असा होता, आपला श्रावण २५ जुलै ते २३ ऑगस्ट. चार सोमवार त्यांचे, चार आपले. त्यातले २८ जुलै आणि ४ ऑगस्ट हे दोन सामाईक. आणि हो, वेगळे पडणे होते. क्वार्टरची भिंत सामाईक असते. बाहेर ‘बोल बम’ म्हणत कावडी निघालेल्या असतात आणि एखाद्या मराठी घरात आखाड म्हणून मटणाला फोडणी बसते, तेव्हा शेजारीण नाकाला पदर लावते, हे मी पाहिले आहे. राखीनंतर पारडे फिरते: त्यांच्याकडे कढई चढते आणि आपली मंडळी भगरीवर. त्यासाठी पंचांग कशाला बदलायला हवे? ते पंधरा दिवस मटण आणले नाही तर भागते. हा शेजारधर्म झाला, त्यात तिथी-नक्षत्राचा काही संबंध नाही.

शास्त्राचे म्हणाल तर पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला ‘धर्मसिंधु’ आपल्याकडे अजून प्रमाण मानतात. त्यात दोन्ही गणना दिल्या आहेत. शुक्ल प्रतिपदेपासूनचा महिना मुख्य, आणि वद्य प्रतिपदेपासूनचा विंध्याच्या उत्तरेलाच घ्यावा, असा त्याचा निर्णय. आता नकाशा काढा. भिलाई विंध्याच्या दक्षिणेला आहे, नागपूरच्या जवळपास त्याच अक्षांशावर. म्हणजे ग्रंथ धरायचा तर पंचांग आम्ही नव्हे, छत्तीसगडने बदलायला हवे! तसे मी अर्थातच म्हणणार नाही. प्राचीन शिलालेखांत पौर्णिमान्त महिनेही सापडतात, आणि इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जे पाळले तो त्यांचा आचार. पण मग आमच्या कुळाचाराला तोच न्याय का नको?

शिवाय या दोन गणना एकमेकींपासून वाटते तितक्या फटकून नाहीत. २०२३ चा अधिक श्रावण आठवा. अधिक महिना अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच मोजायचा, हे उत्तरेतही मान्य. त्यामुळे इथे ४ जुलैला सावन लागला, वद्य पंधरवडा झाला, मग १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक महिना मध्येच येऊन बसला, आणि त्यानंतर सावनाचा उरलेला शुक्ल पंधरवडा. त्यांचे विक्रम संवतही चैत्र अर्धा सरल्यावर, आपल्या गुढीच्या दिवशीच बदलते.

‘तिथलेच पंचांग’ म्हणताना भिलाईत ‘तिथले’ कोणते, हेही पत्रलेखकाने सांगायला हवे होते. १९५५ च्या सोव्हिएत करारानंतर हे गाव देशभरच्या माणसांनी वसवले. सेक्टर ५ मध्ये बालाजी, सेक्टर ४ मध्ये जगन्नाथ, सेक्टर २ मध्ये अय्यप्पा. तेलुगू मंडळींचा श्रावण आपल्याच दिवशी लागतो आणि आपल्या पाडव्यालाच त्यांची उगादी असते. बंगाल्यांचा नववर्षदिन आणि मल्याळी लोकांचा विशू सौर गणनेचे. इथली मुले हे सगळे बघत वाढतात. कोणत्या दिवशी कुणाकडे काय खायला मिळते हे त्यांना तोंडपाठ असते. गोंधळ होतो तो मोठ्यांचा.

एकच पंचांग करण्याचा प्रयत्न सरकारनेही केला होता. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती राजपत्रावर छापली जाते. तिच्यावरून उपास धरणारे घर माझ्या पाहण्यात नाही.

आता जिथे तारीख एकच आहे आणि तरी पेच पडतो, ते सांगते. माझी सून छत्तीसगडी, माहेर धमध्याचे. आपली हरतालिका तीच त्यांची ‘तीजा’, भाद्रपद शुद्ध तृतीया, दोन्ही कॅलेंडरांत एकाच चौकोनात. पण छत्तीसगडात तीजाला लेक माहेरीच हवी. पोळा झाला की भाऊ न्यायला येतो. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, ‘करू भात’, खायचा. मग निर्जळ उपास. माहेरची नवी साडी. आणि इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती! घरची सून नेमकी त्या दिवशी घरात नाही, यावरून पहिल्या वर्षी आमच्याकडे पुष्कळ आवाज झाला. पंचांग एक असूनही झाला. शेवटी ठरले ते असे की भावाबरोबर ती जाते, तळणीच्या मोदकांचे सारण मुलगा करतो, ऋषिपंचमीला ती ठेठरी-खुरमीचा डबा घेऊन परत येते आणि महालक्ष्म्या बसायच्या आत आम्ही दोघी मिळून घर आवरतो. यातली कोणती तारीख हलवायची, हे पत्रलेखकाने कळवावे.

आपली,
एक वाचक, भिलाई (छत्तीसगड)